‘शीर्षकहीन – सात’ची उपयुक्तता

अमूर्त चित्राचा माणसाला नेमका उपयोग काय, हा प्रश्न सुसंस्कृत समाजात विचारत नाहीत. विचारणारा एकतर अडाणी ठरतो, नाहीतर चित्रकाराचा सासरा. त्यामुळे त्याचं उत्तर आजवर कुठल्याही विद्यापीठाने शोधलं नाही, आणि शेवटी ते पेणच्या अपेक्षाला, कडेवर पोर घेऊन उभं असताना, रोह्याच्या एका सभागृहात सापडलं. तिला ते नकोच होतं. तिला फक्त पोर झोपायला हवं होतं.

पोराचं नाव आदर्श, वय सव्वा वर्ष. (नाव बारशालाच ठेवावं लागतं, तोवर स्वभाव कळलेला नसतो.) झोपेच्या बाबतीत आदर्शचं धोरण एसटीच्या विनंती थांब्यासारखं होतं. हात सगळ्यांनी दाखवावा, थांबेलच अशी खात्री कुणी धरू नये.

अपेक्षा बी.कॉम., पहिला वर्ग. त्यामुळे काळजीसुद्धा ती पद्धतशीर करी. बाळाचा मेंदू झोपेत वाढतो, असं तिने मोबाइलवर वाचलं होतं. तेव्हापासून तिची स्वतःची उरलीसुरली झोप गेली. झोप नाही म्हणजे मेंदू नाही, मेंदू नाही म्हणजे बालवाडीच्या मुलाखतीत ‘व्हॉट इज युवर नेम’ला उत्तर नाही, आणि तिथे उत्तर नाही म्हणजे पुढे काय काय नाही, ते मोजायला ती बसे तेव्हा शेजारी आदर्श टक्क जागा असे. डॉक्टर म्हणाले, “होईल हळूहळू.” (हे वाक्य ते दाढा, चालणं आणि पेणचे रस्ते या तिन्हींबद्दल वापरत.) सासूबाई बायजा गागोद्याहून येताना वाल आणि उपाय असं दोन्ही बांधून आणत. “जायफळ उगाळ गो.” “धुरी दे गो.” “दृष्ट काढ गो.” तिन्ही केलं. आदर्शने धुरी, दृष्ट आणि जायफळ हे तिन्ही कार्यक्रम डोळे मोठे करून पाहिले आणि आणखी काय आहे अशा नजरेने आजीकडे बघितलं.

नवरा साईराज हा अमूर्त चित्रकार. पोटासाठी तो सकाळी क्लासमध्ये इलेमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना सुरई आणि दोन लिंबं काढायला शिकवी आणि दुपारी घरी येऊन सुरईला जगातून हद्दपार करी. पेणसारख्या गावात हे धाडसाचंच काम. इथे घरटी एकजण तरी मूर्तींच्या कारखान्यात हात रंगवून आलेला असतो. लोक साईराजची चित्रं मनापासून बघत, रंगाचा हात चांगला आहे म्हणत आणि जाता जाता विचारत, “डोळे कधी काढणार?”

‘शीर्षकहीन – सात’ ही त्याची आजवरची सर्वात मोठी कलाकृती. सगळीकडे करडा, मध्ये तपकिरी, कोपऱ्यात एक निळी रेघ. बायजाबाईंनी ती प्रथम पाहिली तेव्हा म्हणाल्या, “ओल आली गो भिंतीला. बिल्डरला सांग लवकर.”

पेणमध्ये सगळेच ओळखतात, म्हणून कलाकाराने निदान रोह्यापर्यंत तरी जावं, या विचाराने प्रदर्शन रोह्याला ठरलं. उद्घाटन नियमानुसार झालं. म्हणजे समई पेटली नाही, पाहुणे उशिरा आले, उशिराबद्दल रस्त्याला दोष दिला, आणि ‘मला चित्रातलं काही कळत नाही’ असं सांगून चित्रांवर पाऊण तास बोलले. नंतर वडे. वडे संपल्यावर दालनात निखळ कलाप्रेमी उरले. ते दोन होते. त्यातल्या एकाची छत्री राहिली होती.

अपेक्षा रोज आदर्शला घेऊन पेणहून येई, कारण घरी दोघांनीच एकमेकांकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं. ‘सात’ दाराजवळच लावलं होतं. वर पंखा होता, म्हणून ती तिथेच उभी राही. साईराजही तिथेच असे; आत येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिलं चित्र समजावून सांगितल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ देत नसे. ते भाषण अपेक्षाने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती त्याच्या प्रेमात पडली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षात तिला ते पाठ झालं आणि दुसऱ्या वर्षापासून ऐकू येईनासं झालं. (घड्याळाच्या टिकटिकीचंही असंच होतं. यात घड्याळाचा अपमान नाही.)

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, ‘शीर्षकहीन – सात’समोर आदर्श झोपला. मान खांद्यावर, तोंड उघडं, एका हातात आईचं मंगळसूत्र. अपेक्षाने आधी त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहिला. मग चित्राकडे पाहिलं. करड्या रंगात इतकं काही असेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा झोपला. चौथ्या दिवशीही. निष्कर्ष स्पष्ट होता.

पोर कडेवर असलं की बाई आपोआप डुलते. नसलं तरी काही वर्षं डुलत राहते. अपेक्षाही चित्रासमोर डुलत होती. मागून आलेल्या माणसाला पोर दिसलं नाही, डुलणं दिसलं. आपल्यालाच कळत नाही असं वाटू नये, म्हणून तोही डुलला. त्याला बघून त्याची बायको. एका दैनिकाचे तालुका वार्ताहर (एरवी खड्डे आणि वीजकपात या विषयांतले अधिकारी) तिथे आले तेव्हा नऊजण एका लयीत डुलत होते. दुसऱ्या दिवशी छापून आलं: ‘सदर चित्रापुढे रसिक देहभान विसरतात.’ साईराजने ते कात्रण लॅमिनेट केलं आणि आपल्या शैलीला ‘स्पंदनवाद’ असं नाव दिलं. ते नाव त्याला त्या दिवशी सुचलं, पण वापरत तो बऱ्याच वर्षांपासून होता, असं नंतरच्या मुलाखतीत आढळतं.

खरी गर्दी मात्र कात्रणाने आली नाही. निडीच्या वैशालीला अपेक्षाने रोह्याच्या स्टँडवर सहज सांगितलं होतं. वैशाली दुसऱ्याच दिवशी जुळ्यांना घेऊन हजर.

“वहिनी, खरं काय गो? चित्र बघून पोरं झोपतात?”

“माझा झोपतो.”

“माझी पोरं बापावर गेल्यात. ती झोपली तर म्हणेन खरं.”

दोन्ही झोपली. बातमी पोरवाल्या घरांत पसरली आणि चार दिवसांत साईराजचा घसा बसला, इतके प्रेक्षक झाले. प्रदर्शन आठवड्याचं होतं, ते लोकाग्रहास्तव महिनाभर चाललं. जिल्ह्यातल्या कुठल्याही कलाप्रदर्शनात दोन वर्षांखालील रसिकांचं प्रमाण इतकं मोठं कधीच नव्हतं. अभिप्रायवहीत एरवी ‘खूप छान, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ एवढंच असतं. इथे लोक मोकळेपणाने लिहू लागले: ‘चांगला गाढ झोपला.’ ‘शी केली पण उठली नाही.’ ‘उद्या सासूला आणते.’ साईराज ही वही वाचत नसे. खरा कलाकार अभिप्रायाच्या पलीकडे असतो.

आणि मग ते चित्र विकलं गेलं.

डोलवीच्या बाजूला कंपन्यांना माणसं पुरवणारे काळुरामशेठ एका शनिवारी आले, खिशातून टेप काढला आणि चित्र मोजलं. “आमच्या सोफ्याच्या मापाचं हाय,” ते म्हणाले. “कलरपण मॅच होतोय.” कलेच्या इतिहासात इतका स्पष्ट बोलणारा ग्राहक विरळा. साईराज आनंदाने पांढरा पडला. अपेक्षा नुसतीच पांढरी पडली.

“ए, नको ना विकूस,” ती घरी म्हणाली.

“अगं, आयुष्यातलं पहिलं चित्र विकलं जातंय माझं!”

“आणि पोराचा मेंदू?”

मग तिने व्यवहाराचं काढलं: ते द्यायचं तर दे, तसंच दुसरं काढ. साईराजने तिला समजावलं की तसंच दुसरं हे सुरईत होतं, अमूर्तात होत नाही. अमूर्ताला प्रेरणा लागते, आणि ती पेणमध्ये मिळत नाही. ती मुंबईच्या संग्रहालयात असते. सोमवारी बंद.

तो मंगळवारी गेला. संग्रहालयभेटीची पद्धत अशी: चित्राच्या अगदी जवळ जावं, पहारेकऱ्याने हटकलं की मागे यावं, मान तिरकी करावी, पाटीवर कलावंताचं जन्मसाल पाहून त्यातून आपलं वजा करावं, आणि खिन्न होऊन पुढच्या चित्राकडे जावं. प्रेरणा साधारणपणे उपाहारगृहाजवळ येते. साईराज संध्याकाळी परतला तो चप्पल लागलेल्या अंगठ्यासह. संग्रहालयाची ही त्याची पहिलीच भेट होती, म्हणून प्रेरणा लगेच लागू पडली. तीन दिवसांत ‘शीर्षकहीन – आठ’ तयार झालं. आदर्शला त्याच्यासमोर धरलं. आदर्शने ते नीट पाहिलं आणि असं भोकाड पसरलं की खालच्या मजल्यावरून विचारायला आले.

प्रदर्शन संपलं. टेम्पो आला आणि ‘सात’ डोलवीला गेलं. आदर्श पुन्हा जागा राहू लागला. अपेक्षाने चित्राचा फोटो मोबाइलवर दाखवून पाहिला. त्याने मोबाइल चघळला. शेवटी तिने काळुरामशेठना स्वतः फोन केला, पोराला एकदा चित्र दाखवायचंय म्हणून. शेठ म्हणाले, “या की. चित्रकारालापण आणा. लोक विचारतात हे काय हाय, आमाला सांगता येत नाय.”

सगळेच गेले, बायजाबाईसुद्धा. ओल विकत घेणारा माणूस त्यांना बघायचा होता. शेठच्या ऑफिसात सोफ्याच्या वर ‘सात’ टेचात टांगलं होतं. अपेक्षाने आदर्शला घेतलं, चित्राच्या अगदी समोर उभी राहिली आणि डुलू लागली.

आदर्श रडला. तिने त्याला जवळ नेलं, लांब नेलं, निळ्या रेघेपाशी नेलं. तो लाल झाला. तिचे डोळे भरून आले. चित्र तेच, रेघ तीच, वर पंखाही होता.

“सोफ्यानं बिघडलं असेल काय?” बायजाबाई म्हणाल्या.

“रडू दे हो,” शेठ म्हणाले आणि सोफ्यावर टेकले. “तुमी सांगा चित्रकार. ही रेघ कसली?”

साईराजने घसा साफ केला. “रेघ ही रेघ नाहीच मुळी. रेघ म्हणजे अवकाशाने स्वतःच्या अभावाला घातलेली हाक. करडा इथे रंग म्हणून येत नाही, तो रंगाच्या शक्यतेचा संकोच म्हणून येतो. आणि तपकिरी हा त्या संकोचाचा नकार आहे, जो होकारात...”

खांद्यावर मान पडली. अपेक्षा थिजून उभी राहिली. तेवढ्यात साईराजचा फोन वाजला, तो थांबला, आणि आदर्शने एक डोळा उघडला.

तिने चित्राकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. बी.कॉम.चं शिक्षण वाया जात नाही ते असं.

“अहो, थांबू नका,” ती म्हणाली. (सासूबाईंसमोर अहो.)

“अगं, क्लासमधून फोन...”

“साईराज, बोल!” ती दबक्या आवाजात ओरडली. “होकारात काय, ते बोल!”

तो बोलला. डोळा मिटला. अपेक्षाने खात्रीसाठी पोराला चित्राकडे पाठ करून धरलं, झोपलेलाच. दाराबाहेर नेलं, आवाज पोचत होता तोवर झोपलेलाच. ती परत आली तेव्हा शेठ मॅचिंग सोफ्यावर आडवे झाले होते आणि बायजाबाई खुर्चीत घोरत होत्या.

“म्हणजे माझ्या चित्रात काही नाही?” साईराज कुजबुजला.

“चित्र छान आहे. मापाचं आहे. तू बोलत राहा.”

तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. साईराजला थोडं लागलं होतं. पण निडीहून वैशालीने व्याख्यानाचं आमंत्रण दिलं तेव्हा तो सावरला. आता दुपारी त्याची व्याख्यानं असतात, गर्दी असते आणि मधूनच उठून कुणी जात नाही. किती वक्त्यांना हे साधलंय?

अपेक्षाला मात्र नवी काळजी लागली आहे. मेंदू झोपेत वाढतो. आदर्श आता भरपूर झोपतो. म्हणजे मेंदू वाढणार, आणि वाढलेल्या मेंदूला उद्या ते भाषण कळू लागलं की झोप संपली. म्हणून भाषणाला मान हलवणारा कुणी दिसला की ती त्याला बाजूला घेऊन विचारते, कळलं का? सगळे ‘हो तर’ म्हणतात. काय कळलं, ते अजून एकालाही सांगता आलेलं नाही, तेवढाच तिला धीर आहे.

तुम्हीही रेघेची, संकोचाची आणि नकाराची ती वाक्यं कुठेही न अडखळता वाचून इथवर आलात. समजली असतील तर कृपया वेळेत कळवावं, म्हणजे तिला पोरासाठी दुसरी सोय बघता येईल. समजली नसतील तर तिचा जीव भांड्यात पडेल.

फक्त मग मान कशाला हलवलीत?