सुभेदारांचा समुद्र

सकाळी डेअरीवर किटली घेऊन उभं राहिलं की आमच्या गल्लीतली माणसं ऊसतोडीबद्दल बोलतात, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाबद्दल. सुभेदार मात्र कपाळाला आठ्या घालून माझ्याजवळ येतात आणि हळू आवाजात विचारतात, "मास्तर, बंगालच्या उपसागराचं पाणी आज कसं हाय?"

आम्ही राहतो पलूसला. समुद्र बघायचा तर सह्याद्री उतरून रत्नागिरी गाठावी लागते, आणि तिथं दिसतो तोही अरबी. हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "आपली कृष्णा शेवटाला कुठं जाती? बंगालच्या उपसागरात. म्हंजे दार तिकडनं उघडंच हाय की." त्यानंतर मी भूगोल शिकवायला गेलो नाही.

सुभेदार फौजेतून रिटायर झालेत. बर्फात पहारे केलेला माणूस. मिशा अशा की गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांना वाट देतात. एकदा साप निघाला तेव्हा सगळी गल्ली पळाली आणि सुभेदार त्याला काठीवर घेऊन, जणू वाळत घालायचा कपडा असावा तसे, ओढ्यापर्यंत गेले. ओढ्याला पाणी आहे असं दिसल्यावर मात्र तिथूनच साप फेकून माघारी आले.

कारण हा माणूस पाण्याला भितो. विहिरीत डोकावत नाही. मोटर बिघडली तर त्यांची बायको, आमची काकी, बघायला जाते. कराडला जाताना एसटी कृष्णेच्या पुलावर आली की सुभेदार समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरतात, डोळे मिटतात आणि शेजाऱ्याला म्हणतात, "पल्याड गेल्यावर सांगा." यावर कुणी हसत नाही. निदान त्यांच्या तोंडावर तरी नाही.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं, वैशालीनं, समुद्राचा अभ्यास करणाऱ्या जहाजावर नोकरी धरली. माझीच विद्यार्थिनी. तिचं काम म्हणजे समुद्रात तरंगते बोये सोडायचे. एकदा सुट्टीला आली तेव्हा तिनं ओट्यावर बसून वडिलांना समजावलं. बोया म्हणजे मोठ्या कलिंगडाएवढा गोळा. त्याच्याखाली पाण्यात लांबलचक कापडी नळा लोंबत असतो, म्हणजे वारा त्याला ढकलत नाही, पाणी नेईल तिकडं तो जातो. पोटात यंत्रं असतात. आपण कुठं आहोत, पाणी किती तापलंय, हवेचा दाब किती, हे तो उपग्रहामार्फत कळवत राहतो. तिनं वडिलांच्या मोबाइलवर नकाशा लावून दिला. निळ्यावर बारके ठिपके. एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, "आबा, ह्यो मी माझ्या हातानं सोडलाय."

बापाची भीती कमी व्हावी म्हणून तिनं हे केलं. भीती उलट वाढली.

सुभेदारांच्या लेखी ते ठिपके म्हणजे पहाऱ्यावरचे संत्री, आणि समुद्र म्हणजे शत्रूचा मुलूख. सकाळ-संध्याकाळ ते सगळ्यांची हजेरी घेत. एखादा ठिपका अंदमानकडे सरकला की किराणा दुकानदाराला सांगत, "गडी लाइन सोडून निघालाय. सिच्युएशन नाजूक हाय." दुकानदार साखर तोलता तोलता मान हलवायचा. पाणी तापलं की त्यांची झोप उडायची. तापलेल्या पाण्यावर वादळ पोसतं, हे वैशालीनं सांगितलेलं त्यांनी पक्कं धरलं होतं. एका लग्नघरी जाऊन त्यांनी मांडवाला जादा दोर बांधायला लावले. नवऱ्याच्या बापानं विचारलं, "आवं पण आभाळ तर निरभ्र हाय." सुभेदार म्हणाले, "हितलं आभाळ कशाला बघतूस? बंगालात बघ."

मग खरोखरच वादळ आलं.

वैशालीचा शेवटचा फोन बंदरातून आला होता. आत चाललोय, आता रेंज नसेल, इतकंच. नंतर तिनं एक नवा बोया सोडल्याचं नकाशावर दिसलं आणि सुभेदारांनी ताडलं की जहाज तिथंच कुठंतरी असणार. टीव्हीवर कमी दाबाच्या पट्ट्याची बातमी लागली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले. पोरं मिशांकडे बघत राहिली.

"मास्तर, ह्यो आकडा बघा. हवेचा दाब खाली चाललाय. सकाळपास्नं नुसता खालीच."

मी बघितलं. तो खाली चालला होता. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ठिपका एका जागी थांबलेला होता. नवा आकडा येत नव्हता.

मी म्हणालो, "यंत्र आहे. लाटेनं मोडलं असेल. बॅटरी संपली असेल."

"संत्री बोलायचा थांबतो तवा काय झालेलं असतंय, ते आमाला ठावं असतंय," सुभेदार म्हणाले.

तोवर मला ही सगळी गंमत वाटत होती. मी त्या निळ्या नकाशाकडे बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की त्यात कुठंही धरायला काही नाही. ना झाड, ना बांध, ना भिंत.

मी वैशालीच्या कचेरीत फोन लावला. तिकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, जहाजाला परतायला सांगितलंय, पण अजून निरोप नाही. हे मी सुभेदारांना सांगितलं. त्यांनी "परतायला सांगितलंय" एवढंच काकीला सांगितलं. उरलेलं स्वतःकडे ठेवलं. काकीनं भाकऱ्या थापल्या, त्या तशाच राहिल्या. सुभेदारांनी दाढी केली नाही, मिशांना पीळ दिला नाही, आणि तो माणूस अचानक म्हातारा दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर. सुभेदारांनी तो बघितला, पण उचलला नाही. फोन ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

"मास्तर, तुमी घ्या."

मी घेतला. हॅलो म्हणालो.

"गुरुजी? आबांना द्या ना," वैशाली म्हणाली. जहाज वादळाआधीच माघारी फिरून बंदराला लागलं होतं. वादळानं तिथले टॉवर पडले, म्हणून फोन लागत नव्हते.

सुभेदारांनी फोन कानाला लावला, ताठ उभे राहिले, "रिपोर्ट मिळाला," म्हणाले, आणि फोन काकीच्या हातात देऊन परसात गेले. तिथं बराच वेळ ते तोंड धूत होते.

त्यानंतर वैशाली रजेवर आली. मी भेटायला गेलो. तिनं केस कानापर्यंत कापले होते. जहाजावर खाऱ्या हवेत लांब केस सांभाळवत नाहीत, म्हणाली. सुभेदारांनी तिच्या डोक्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते गोठ्याकडे निघून गेले.

"आबांना आवडलं न्हाई जणू," वैशाली म्हणाली.

"तसं न्हाई गं," काकी म्हणाली. "तू लय बारकी हुतीस. भिलवडीला मामाकडं गेलावतो आनि पूर आला. हे सुट्टीवर हुते. नावंत बसून निघालो, ती कलांडली. तू बुडालीस. गढूळ पानी, काय दिसंना. ह्यांनी आत हात घालून घालून चाचपलं, आनि तुझी येनी हाताला लागली. येनी धरून वर काढली तुला. तवापास्नं पान्याचं नाव काढलं न्हाई."

वैशालीचा हात मानेमागं गेला, तिथं आता काही नव्हतं.

सुभेदार गोठ्यातून बैलाचा कासरा घेऊन आले.

"जहाजाच्या कडंला काम करतीस तवा कशाला धरतीस?"

"कमरेला दोर असतो, आबा. कठड्याला बांधलेला."

"कोन बांधतं?"

"मीच."

"दाव."

तिनं कासरा कमरेला घेतला आणि गाठ मारली. सुभेदारांनी खाली बसून गाठ बोटांनी चाचपली, मग दोर ओढून बघितला. गाठ घट्ट बसली. त्यांनी पुन्हा ओढला, जरा जोरात. वैशाली हलली, गाठ हलली नाही.

काकीनं ताटं केली. वैशाली तशीच पाटावर बसली. सुभेदार तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसले, दोराचं दुसरं टोक मुठीला गुंडाळून.

"आबा, सोडा आता," ती म्हणाली.

"सोडतो," सुभेदार म्हणाले. "आदी जेव तू."