डाव्या पायाचा मोजा

पिकअपमध्ये बसलं की सासरेबुवांचा डावा मोजा ओला व्हायचा. आता यात जावयाचा काय दोष? पण त्या घरात कुठलाही दोष फिरून फिरून शेवटी जावयाकडेच यायचा, आणि तोही बिचारा सवयीने घ्यायचा.

पिकअपमध्ये पुढे दोघांनाच जागा. मुलगी गाडी चालवायची, शेजारी सासरेबुवा दुखऱ्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसायचे, आणि जावई मागे उघड्या हौद्यात कुडकुडायचा. त्याने किल्ली मागितली की सासरेबुवा सदऱ्याचा खिसा चाचपून म्हणायचे, "तुम्ही आपले चष्मे बघा, जावईबापू." त्याचं चष्म्यांचं दुकान होतं.

शेवटी त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि जेवणाच्या टेबलावर निदान सांगितलं, "हीटर कोअर गळतोय, बाबा. डॅशबोर्डच्या आत छोटा रेडिएटर असतो. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं. तो गळला की पाणी थेट तुमच्या पायावर."

"मग टाका गाडी गॅरेजला."

"गॅरेज कशाला? मी बदलतो घरीच. दिवसभर स्क्रूच तर काढत असतो मी."

सासरेबुवांनी घास गिळला. "ठीक आहे. जमलं तर किल्ली तुमची. नाही जमलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. आणि सोमवारी सकाळी मला डॉक्टरांकडे जायचंय."

स्पेअर पार्टवाल्याने कोअर देण्याआधी विचारलं, "गाडीत गोडसर वास येतो का? काचेवर चिकट वाफ धरते? इंजिनातलं पाणी कमी होतं?"

यातलं काहीच होत नव्हतं. पण सासरेबुवा शेजारीच उभे होते.

"हो तर!" जावई म्हणाला. "सगळं होतं."

रविवारी सकाळी सीट, स्टिअरिंग, रेडिओ आणि अख्खा डॅशबोर्ड अंगणात आला. दुकानातल्या शिस्तीप्रमाणे जावयाने प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या खणात ठेवले. त्यासाठी त्याने फ्रीजमधला बर्फाचा ट्रे घेतला होता. जुना कोअर बाहेर निघाला तो चांगला ठणठणीत दिसत होता. पण एवढी गाडी उघडल्यावर त्याने ठणठणीत असून कसं चालेल?

"आतून गेलाय," जावई म्हणाला.

नवा कोअर बसवून तो जेवायला आत आला आणि ट्रे ओट्यावर ठेवला. सासूबाईंचा नियम होता, की ट्रे बाहेर दिसला की पाणी भरून लगेच फ्रीजरमध्ये. एरवी त्यांना स्क्रू दिसलेही असते. पण त्यांचा चष्मा दांडी बसवायला जावयाच्या दुकानात गेला होता, तो आठवडाभर तिथेच पडून होता.

जेवून जावयाने ट्रे शोधला. मग बायकोने शोधला. सासूबाईही शोधायला लागल्या, आणि सगळ्यांत कसून त्यांनीच शोधला. संध्याकाळी सासरेबुवांनी गुडघ्यावर पिशवी ठेवली आणि ते ओरडले, "अगं, आज बर्फ टोचतोय कसा?"

बर्फ पातेल्यात वितळवला तेव्हा वेगवेगळ्या खणांतले स्क्रू एकत्र तळाशी बसले होते. "अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "पण गंजले नाहीत हो." जावयाने ते अंदाजाने लावले. एक स्क्रू काही सापडला नाही. ते भोक त्याने रेडिओच्या पट्टीखाली झाकलं आणि घरात कोणाला सांगितलं नाही. गाडी सुरू झाली, हीटर लागला. फक्त हॉर्न जरा लाजत वाजायचा.

सोमवारी सासरेबुवांनी खिशातून किल्ली काढली, दोनदा परत ठेवली आणि शेवटी दिली. जावई स्टिअरिंगवर बसला. त्याची छाती अशी फुगली, की पट्टा सैल करावा लागला. बायको मागे हौद्यात बसली, आणि ती काही हसत नव्हती.

पहिल्या सिग्नलला सासरेबुवांनी खाली पाहिलं. मोजा ओला होता.

मग त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं. जावयानेही पाहिलं. पिशवीच्या कोपऱ्यातून एक थेंब सुटला, नडगीवरून सावकाश उतरला आणि मोज्यात शिरला. त्याच्यामागून दुसरा निघाला.

दोघेही समोर बघायला लागले. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना.

मागच्या काचेवर टकटक झाली. "बाबा, मोजा कसाय?" मुलीने ओरडून विचारलं.

सासरेबुवांनी जावयाकडे पाहिलं. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"कोरडा!" सासरेबुवा गरजले. "ठणठणीत कोरडा!"

मग त्यांनी पिशवी खिडकीबाहेर धरून उपडी केली. पाण्याबरोबर एक स्क्रू त्यांच्या तळहातावर पडला. त्यांनी तो निरखून पाहिला.

"हा जिथला आहे, तिथे नसला तर चालतं का?"

"चालतं, बाबा."

"बरं. येताना एक नवी पिशवी घेऊ. घरी बोलायची गरज नाही."

आणि जिथे इतकी वर्षं किल्ली असायची, त्या खिशात त्यांनी तो स्क्रू जपून ठेवला.