मांगचे, हालू नोका

तुळशीरामभाऊ फोटो काढायचे समोरच्याचा आणि ओरडायचे मागच्यांवर. लाकडी कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढून ते म्हणत, "मांगचे, हालू नोका बे." मग विहिरीवरची बाई, रस्त्यावरचा सायकलवाला, सगळे जागच्या जागी थिजत. शेळी तेवढी ऐकत नसे. तिला ते बांधून ठेवायला लावत.

त्या काळी आमचा वऱ्हाड मध्यप्रांताबरोबर होता आणि फॅशन नागपूरहून यायची. तिकडच्या फोटोंत माणूस स्वच्छ आणि त्याच्यामागचं सगळं धुकट असे. आमच्या नांदुऱ्याच्या व्यापाऱ्यांनाही तसाच फोटो हवा असे, पण भाऊ ऐकत नसत. भिंगाचं तोंड बारीक केलं की मागचंही साफ येतं, फक्त वेळ जास्त लागतो, असं त्यांचं म्हणणं. हा वेळ म्हणजे ते बारापर्यंत आकडे मोजत, तेही जेवून उठल्यासारखे सावकाश.

मी तेव्हा कापसाच्या जिनात कारकून होतो आणि माझं लग्न जुळायचं होतं. अकोल्याच्या मुलीकडच्यांनी फोटो मागवला. नवा कोट घालून मी भाऊंच्या अंगणात कडुनिंबाखाली, विहिरीकडे पाठ करून बसलो. माझ्याकडे त्यांनी धड पाहिलंसुद्धा नाही. मागे गोवऱ्या थापणाऱ्या बाईला मात्र पदर नीट करायला सांगितला, शेजाऱ्याची बैलजोडी सरळ उभी करवली. नऊच्या आकड्याला माझ्या नाकावर माशी बसली.

फोटोत बाई लख्ख, बैल लख्ख, आणि माझ्या मानेवर डोक्याच्या जागी एक पांढरा ढग. वडिलांनी घाईत तोच पाठवून दिला. अकोल्याहून उत्तर आलं की बैलजोडी आवडली, आता मुलाचा फोटो पाठवावा.

मी तणतणत भाऊंच्या घरात शिरलो. भिंतीवर एका पाटलाचा मोठा फोटो होता, मिशीचा केस न् केस दिसेल असा, आणि त्याला झेंडूचा ताजा हार. हे पाटील तर सकाळीच मला बाजारात भेटले होते, चांगले धडधाकट.

"जित्या मानसाले हार काऊन घातला, भाऊ?" मी रागातच विचारलं.

"पाटलाले नाही घातला." त्यांनी पाटलाच्या खांद्यामागे बोट ठेवलं. तिथे विहिरीपाशी एक पांढरट डाग होता. "आमची घरची हाय ते. पानी भरून राह्यली होती. पाटलाले नागपुरासारखा फोटो पाह्यजे होता, म्हनून म्याच भिंगाचं तोंड मोठं करून मांगचं पुसलं." मग बोट तसंच ठेवून म्हणाले, "तिचा निराळा काढू काढू म्हनत राह्यलो. तापात गेली. दुसरा फोटो नाही."

मला माझ्या तणतणीची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा बसवलं. म्हणाले, लग्नाचं काम आहे, तुमच्यापुरतं मागचं पुसून देतो. मी नको म्हणालो, होतं तसंच येऊ द्या. भर दुपार होती. मागे ना बाई, ना बैल, विहिरीवर कोणी नाही. तरी भिंगावरचं टोपण काढण्याआधी भाऊंनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि न ओरडता, अगदी हळू म्हणाले, "मांगचे, हालू नोका."

माशी आली, नाकावर बसलीही. पण बारा होईपर्यंत मी हाललो नाही.