वाघमारे काकांची पोचपावती

वाघमारे काका पत्र कधी पेटीत टाकत नाहीत. अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावच्या गल्लीत पोस्टमन येईपर्यंत ते दारात उभे राहतात, पाकीट त्याच्या हातात देतात आणि पाकिटासकट त्याचा फोटो काढतात. तोही आता आपणहून पोज देतो.

“पोचपावती हवी,” काका म्हणतात. मी त्यांना पॉटलकचं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाचं, तोंडी आमंत्रण दिलं, तर म्हणाले, “मेसेज टाक.” टाकला, तर त्याचा स्क्रीनशॉट काढून मलाच पाठवला.

संशयात मीही काही कमी नाही. हे काका नागपूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, रिटायर होऊन मुलीकडे आले. दर शनिवारी जाडजूड फाइल घेऊन शेजारच्या वुस्टरच्या लायब्ररीत जात. एकदा मी तिथे गेले, तर स्पॅनिश बोलणारी चार-पाच मुलं त्यांच्यापुढे आपले मार्क आणि आईबापांचे टॅक्सचे कागद ठेवत होती. मी तडक त्यांच्या टेबलाशी गेले.

“काका, हे काय चाललंय?”

“कॉलेजचे आणि स्कॉलरशिपचे फॉर्म. यांच्या घरात कुणी कॉलेज बघितलेलं नाही. शाळेत काउन्सेलर एक, पोरं ढीगभर.”

मला पटलं नाही. फुकट कोण एवढं करतं? त्यांच्या मुलीला सांगावं असं माझ्या मनात होतं.

त्याच सुमारास एका शुक्रवारी दुपारी त्यांनी माझं दार वाजवलं. सोबत मारिसोल गार्सिया, त्या मुलांतलीच एक. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण शाळेचा दाखला कॉलेजात पोचलेला दिसत नव्हता. पाच वाजेपर्यंत पोचला नाही तर सीट रद्द.

“शाळा म्हणते, पाठवला,” काका म्हणाले. “म्हणजे नक्की कुठेतरी पडलाय. गाडी काढ.”

“मॅम, आय कॅन टेक द बस,” मारिसोल म्हणाली. मी गाडी काढली.

तासाभराने कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी कॉम्प्युटर बघून मान हलवली. “नॉट रिसीव्ड.”

“प्लीज चेक अदर गार्सिया,” काका म्हणाले. बाई वैतागल्या. काका हलेनात. शेवटी बाईंनी शोधलं, आणि दाखला निघाला दुसऱ्याच एका मारिसोल गार्सियाच्या फाइलमध्ये! साडेचार वाजले होते. बाई “ऑल सेट” म्हणाल्या, तरी सही-शिक्क्याचा प्रिंट हातात पडेपर्यंत काका खिडकीशी उभे होते.

परतताना मी एकदाचं विचारलं, “काका, एवढा संशय कशाला?”

काकांनी आधी त्या प्रिंटचा फोटो काढला, मग सांगायला लागले.

“मला मेडिकलला नंबर लागला होता. स्कॉलरशिपचा फॉर्म द्यायला गेलो, तर क्लार्क म्हणाला, पोचला, जा घरी. मी गेलो. आईने वस्तीभर साखर वाटली. फॉर्म राहिला त्याच्या खणात, फी भरता आली नाही, सीट गेली. पुढे महिनाभर आई दिवसाउजेडी पाण्याला बाहेर पडली नाही.”

मला स्वतःची लाज वाटली. मागच्या सीटवर मारिसोल फोनवर आईशी हसत, रडत, भराभर स्पॅनिशमध्ये बोलत होती. जरा हळू बोल म्हणून मी तिला खूण करणार, तेवढ्यात काकांनी माझा हात धरला.

“सांगू दे,” ते म्हणाले. “तिला घरी सांगू दे.”