फिक्या शाईचं अभिनंदन

वर्ष संपेपर्यंत कागदाचा कपटासुद्धा विकत आणायचा नाही, घरात आहे तेच वापरून संपवायचं, असं नागासे तोकुजींनी रविवारी सकाळी न्याहारीच्या वेळी जाहीर केलं, तेव्हा सानाएबाईंनी वाडग्यातल्या भातावरून नजर न काढता एकच विचारलं, "कुठलं वर्ष?"

प्रश्न खवचट होता, पण गैर नव्हता. तोकुजी मात्सुए शहराच्या पाणीखात्यात अर्ज तपासायला बसत. माणूस सरळ. दारूचं व्यसन नाही, घोड्यांचा नाद नाही. शौक काय तो एकच: लिहिण्याच्या वस्तू. पत्राचे कागद, पाकिटं, शाईच्या दौती, पेनं, नक्षीच्या चिकटपट्ट्या. वसंतात चेरीच्या फुलांचे कागद निघत, उन्हाळ्यात लाल माशांचे, शरदात चंद्र आणि गवताचे. तोकुजी ते आणत, निरखत, वास घेत आणि इतका सुंदर कागद वापरायचा कसा म्हणून कपाटात ठेवून देत. मग ऋतू उलटे. ऋतू उलटला की तो कागद वापरणं म्हणजे भर थंडीत पंख्याचं आमंत्रण धाडणं, म्हणजे पुढच्या वर्षापर्यंत थांबणं आलं. आणि पुढच्या वर्षी नवी नक्षी येई. (चंद्र तोच असतो, गवतही तेच. पण हे सानाएबाईंनी म्हणायचं, तोकुजींनी नाही.)

असं वीस वर्षं चाललं. गेल्या आठवड्यात सानाएबाई पाहुण्यांच्या गाद्या काढायला गेल्या आणि कपाटाचा वरचा कप्पा पाकिटांसकट त्यांच्या डोक्यावर आला. लागलं फारसं नाही. पण त्या पाकिटांच्या ढिगाऱ्यात बसून त्यांनी नवऱ्याकडे नुसतं शांतपणे पाहिलं. त्या शांतपणातूनच रविवारची ही प्रतिज्ञा जन्माला आली होती. सानाएबाईंनी तिला स्वतःची एक अट जोडली. एक जरी वस्तू विकत आली, तरी सगळं कपाट शाळेच्या बाजारात दान.

"मंजूर," तोकुजी म्हणाले. ते गंमत म्हणून नव्हते बोलत. त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि खरं सांगायचं तर महिनाभर त्यांनी कमाल केली. पुलाजवळचं कागदाचं दुकान टाळायला ते ऑफिसला लांबच्या रस्त्याने जाऊ लागले, रोज दहा मिनिटं उशिरा पोचू लागले आणि साहेबांचे टोमणे हसतमुखाने झेलू लागले. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाने तर एका ओळखीच्याकडे चौकशी केली की नागासेसान आजारी आहेत का. हे कानावर आल्यावर तोकुजींना भरून आलं, पण ते दुकानाकडे फिरकले नाहीत.

निश्चय एकदा अंगात भिनला की माणूस तिथेच थांबत नाही. नुसतं विकत न आणून तोकुजींचं समाधान होईना. आहे ते पुरवून पुरवून वापरायचं असं त्यांनी ठरवलं आणि रोज नवनवीन युक्त्या सुचू लागल्या. पहिली, पत्राच्या मागे जोडायचा कोरा कागद बंद. पत्र एका पानात संपलं तरी मागे एक कोरं पान घालायचं ही रीत आहे, आनंदाची गोष्ट एकटी येऊ नये म्हणून. तोकुजींनी हिशोब केला की सगळ्या जपानचे निम्मे कागद असे कोरेच पोस्टातून फिरत असणार. दुसरी, दुहेरी पाकिटं. आतलं जांभळं अस्तर अलगद सोडवलं तर एका पाकिटाची दोन पाकिटं होतात. तिसरी, अगरबत्त्यांचे रिकामे खोके फेकायचे नाहीत, त्यांत कागद ठेवायचे. सानाएबाईंना यातलं काही सांगितलं नव्हतं. वर्षाच्या शेवटी एकदम दाखवून चकित करायचा बेत होता.

अशात तोमेआत्याला पत्र लिहायची वेळ आली.

तोमेआत्या म्हणजे तोकुजींच्या वडिलांची थोरली बहीण. तोकुजी नऊ वर्षांचे असताना त्यांची आई गेली. तेव्हा आत्याने त्यांना तळ्यापलीकडे स्वतःच्या घरी नेलं, शिंपल्यांचं गरम सार पाजून वाढवलं आणि हातात कुंचला देऊन अक्षर वळवलं. आत्या सुलेखनाची शिक्षिका होती. गावातल्या तीन पिढ्यांची अक्षरं तिने लाल शाईने झोडपून काढली होती. आता ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची होत होती. अठ्ठ्याऐंशी म्हणजे मोठा मान, पिवळी रेशमी टोपी आणि बंडी घालून बसायचं वय. येत्या रविवारी सगळं कुटुंब जमणार होतं. आत्याच्या उजव्या हाताला तोकुजींनी बसायचं आणि अभिनंदनाचे पहिले शब्द त्यांनीच बोलायचे, असं आत्याने स्वतः ठरवलं होतं. तिच्या पोटच्या मुलीला, कियोमीला सोडून. तोकुजींना या गोष्टीचा इतका अभिमान होता की पाणीखात्यातल्या शिपायापासून सगळ्यांना हे पाठ झालं होतं.

तर समारंभाआधी अभिनंदनाचं पत्र धाडायचं. आत्याला पत्र म्हणजे काळ्या शाईतच. तोकुजींनी कपाट उघडलं. शाईच्या चाळीस दौती होत्या. पाचूसारखी हिरवी, जुन्या दारूसारखी लाल, पावसाळी आभाळासारखी निळी, द्राक्षी, अंजिरी, शेवाळी. काळी मात्र एकच, आणि तिच्याही तळाला नुसता डाग. (काळी शाई कोण जमवतो? ती कुठेही मिळते.) आता हिरव्या शाईत पत्र म्हणजे संबंध तोडल्याची खूण, लाल म्हणजे भांडण, आणि अंजिरी शाईत पत्र पाठवलं असतं तर आत्याने तेच अंजिरी पत्र लाल करून परत धाडलं असतं. तोकुजी डगमगले नाहीत. त्यांनी काळ्या दौतीत चमचाभर पाणी घातलं, बूच लावलं, खळाखळा हलवलं. शेवटच्या थेंबापर्यंत वापरणं याला म्हणतात, असं म्हणून स्वतःवरच खूश झाले आणि लिहायला बसले.

मजकूर तर फार सुरेख जमला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं तुझं भरलेलं आयुष्य डोळ्यांपुढून सरकतं आहे, तुझी माया आम्ही जन्मभर विसरणार नाही, असं लिहून त्यांनी ते स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवलं. कागद एक. पाकीट अस्तर काढलेलं. ऑफिसला जाताना त्यांनी स्वतः पेटीत टाकलं.

गुरुवारी संध्याकाळी जेवताना कियोमीचा फोन आला.

"दादा, आईला काय पाठवलंस तू?"

"का? रडली का?"

"रडली नाही. तिने ते पत्र नेऊन बाबांच्या फोटोपुढे ठेवलं, उदबत्ती लावली आणि त्यांना सांगितलं की अहो, मी आलेच, मला कोणी कळवलंच नव्हतं." कियोमी हसू दाबत होती की राग, ते फोनवर कळेना. "आणि रविवारी तुझी जागा मांडायची नाही म्हणाली. ज्याने मला पोचवून टाकलं, त्याने माझ्या शेजारी बसून शुभ बोलायचं काही कारण नाही म्हणते."

तोकुजींच्या तोंडचं पाणी पळालं. फोन ठेवल्यावर सानाएबाईंनी विचारलं, नक्की लिहिलंत तरी कसं? तोकुजींनी आपल्या युक्त्या एकेक करून सांगितल्या. आधी थोड्या अभिमानाने, मग जरा हळू आवाजात, आणि शेवटी जवळजवळ कुजबुजत. कारण सांगता सांगताच त्यांना दिसू लागलं होतं. दुखवट्याचं पत्र फिक्या शाईत लिहितात, दौतीत अश्रू पडून शाई पातळ झाली असं दाखवायला. दुखवट्याच्या पत्रामागे कोरा कागद जोडत नाहीत, दुःख दुसऱ्यांदा येऊ नये म्हणून. पाकीटही त्याच कारणासाठी एकेरी. शाळेतल्या पोरांनाही हे ठाऊक असतं. आणि वीस वर्षं कागदात लोळणाऱ्या माणसाने एकेक पैसा वाचवत तिन्ही गोष्टी एकाच पाकिटात बसवल्या होत्या.

सानाएबाईंनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. "अहो, मग आता नुसता उदबत्तीचा वास राहिला."

(तोही राहिला नव्हता. कागद कुठल्या खोक्यातला होता ते तोकुजींना त्याच क्षणी आठवलं, आणि त्यांनी भाताचा वाडगा तोंडाजवळ नेला.)

आत्याची माफी मागायला हवी आणि तीही पत्रानेच, हे उघड होतं. नुसतं जाऊन हात जोडले असते तर आत्याने दारातच विचारलं असतं की लिहिता येत नाही का. गडद काळ्या शाईत, दोन पानी, दुहेरी पाकिटातलं पत्र स्वतः घेऊन जायचं. पण शाई कुठून आणायची? सानाएबाईंनाच दया आली. म्हणाल्या, "आणा हो एक बाटली. ही मी धरत नाही."

"नाही," तोकुजी म्हणाले.

"आत्याबाईंपेक्षा तुमची प्रतिज्ञा मोठी का?"

"प्रतिज्ञेपायीच आत्याला मारून ठेवलंय मी. आता ती मोडली, तर आत्या मेली ती फुकटच." हे बोलताना त्यांची मान ताठ होती. सानाएबाईंनी हात टेकले.

शनिवारी सकाळी त्यांनी कपाट मुळापासून उपसायला घेतलं. सगळ्यात खालच्या खणात, एका रेशमी रुमालात गुंडाळलेली शाईची वडी सापडली. वर सोनेरी पाइन कोरलेला, धार कुठेही न झिजलेली. तोकुजी बाराव्या वर्षी मोठ्या शाळेत गेले तेव्हा आत्याने ती दिली होती, स्वतःच्या पहिल्या पगारातून घेऊन ठेवलेली. इतकी चांगली वस्तू, एखाद्या खास दिवशी वापरू, असं त्यांनी तेव्हा ठरवलं होतं. तो खास दिवस चाळीस वर्षांत उगवलाच नव्हता. तोकुजी वडी हातात घेऊन जमिनीवरच बसले. त्यांना आपली फार लाज वाटली.

मग त्यांनी शाई उगाळायच्या दगडावर पाणी घेतलं आणि वडी घासायला सुरुवात केली. घाईने घासली तर शाई खरखरीत होते, आत्याने हे कान पिळून शिकवलं होतं. तासभर घासलं. खांदा भरून आला, बाही काळी झाली, नाकावर एक बोट उमटलं. चंद्र आणि गवताच्या नक्षीचे कागद काढले, कारण शरद होता आणि आत्ता नाही तर पुन्हा वर्षभर नाही. पहिली अठरा पानं चुकली. एकोणिसावं जमलं. एका पाकिटात अस्तर परत चिकटवायला सानाएबाईंनीच मदत केली, भाताचं शीत चेपून. (डिंक घरात पाच प्रकारचा होता, पण सगळा वाळून गेलेला.)

दुपारच्या बसने दोघं तळ्यापलीकडे गेले, लाल-पांढऱ्या मांजू मिठाईचं खोकं मांडीवर धरून. आत्या बसायच्या खोलीत ताठ बसली होती. पिवळी टोपी बाजूला घडी घालून ठेवलेली होती.

"या," आत्या म्हणाली. "मढ्याला भेटायला आलात?"

तोकुजींनी चटईवर कपाळ टेकवलं आणि पत्र दोन्ही हातांनी पुढे केलं. आत्याने पाकिटात बोट घालून आधी अस्तर तपासलं. मग दुसरं पान आहे ना ते पाहिलं. मग पत्र चष्म्याजवळ नेऊन वाचू लागली आणि मध्येच थांबली.

"ही शाई बाटलीतली नाही."

"नाही आत्या. तू दिलेली वडी. मोठ्या शाळेत गेलो तेव्हाची."

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा दगडाला लावलीस?"

"आज सकाळी."

आत्याने पत्र खाली ठेवलं. तिने चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. मग हात पुढे करून तोकुजींच्या नाकावरचा काळा डाग अंगठ्याने पुसला. तो पुसला जाण्याऐवजी गालापर्यंत पसरला. "वेडा आहेस तू," ती म्हणाली, आणि आवाज तिचा नेहमीचा नव्हता. तोकुजींच्या डोळ्यांना धार लागली. वयाचा, पाणीखात्याचा काही विचार न करता ते नऊ वर्षांच्या पोरासारखे रडले. कियोमीने चहा आणला. आत्याने तिला सांगितलं की उद्याची याची जागा मांड, आणि जवळ मांड, मला ऐकू कमी येतं.

निघताना आत्या उठली, तिने नवऱ्याच्या फोटोपुढून ते फिकं पत्र उचललं आणि तोकुजींच्या हातात दिलं.

"हे घेऊन जा. मजकूर सुरेख आहे, शाई बरोबर आहे, पान एकच आहे. माझी वेळ येईल तेव्हा हेच पाठव. नवा कागद कशाला वाया घालवतोस?"

"आत्या, असलं पत्र मी घरात ठेवणार नाही."

"ठेव रे, तुझ्याच कपाटात ठेव. तिथे गेलेली वस्तू चाळीस वर्षं बाहेर येत नाही, आत्ताच तू कबूल केलंस. म्हणजे मी एकशे अठ्ठावीसची होते."

तोकुजींनी आधारासाठी बायकोकडे पाहिलं. सानाएबाईंनी ते पत्र त्यांच्या हातून काढून घेतलं, नीट पिशवीत ठेवलं आणि आत्याला वाकून नमस्कार केला.

"चाळीस कमीच धरलीत, आत्याबाई," त्या म्हणाल्या.