सर्व्हेअरसाहेब आणि पहिला ओरखडा

"माझ्या जमिनीवर ओरखडा? या जन्मात शक्य नाही!"

हॉलमध्ये लाकडी जमीन बसली त्याच दिवशी सर्व्हेअरसाहेबांनी सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात हे जाहीर करून टाकलं. करणारच! विमा कंपनीत नुकसान कुणाच्या चुकीनं झालं हे शोधून काढायची नोकरी त्यांची. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका हुडकल्या, म्हणून कंपनीनं खूश होऊन त्यांना भलंमोठं पितळी बक्कल असलेला पट्टा दिला होता. साहेब तो झोपतानाच काय तो काढत.

बंदोबस्त एकदम कडक! खुर्च्यांच्या पायांना बायकोनं विणलेले मोजे. चपला दाराबाहेर. स्टूल ओढायचं नाही, उचलायचं. सासूबाई याच घरी राहायच्या, आणि गुडघ्यांमुळे काठीशिवाय त्यांचं पाऊल पडत नसे. त्या काठीलाही मोजा!

"जावईबापू, काठीला सर्दी होते का हो?"

"आई, थट्टा नको! ज्याच्या हातून पहिला ओरखडा उठेल त्याला महिनाभर हॉलबंदी! मग तो कुणी का असेना!"

आता टीव्ही हॉलमध्ये, आणि संध्याकाळची मालिका म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण. बिचाऱ्या मोज्यातली काठीसुद्धा हलकेच टेकवत चालू लागल्या.

साहेब रोज ऑफिसातून आले की बूट काढायचे आणि चहाच्या आधी, कपडेही न बदलता, जमिनीवर पालथे! गाल लाकडाला टेकवून, एक डोळा मिटून, सोफ्याभोवती सरपटत तपासणी चालायची. आठवडाही झाला नाही तोच साहेब किंचाळले.

"ओरखडा!"

बायको ओल्या हातांनी धावत आली. सोफ्यासमोर केसाएवढी रेघ होती. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी आणखी एक! साहेब चवताळले. ऑफिसला निघतानाही तपासणी सुरू केली. तसे ओरखडे दुप्पट वेगानं वाढायला लागले!

"सोफ्यासमोर दिवसभर वावरतं कोण?" साहेबांनी भुवया चढवल्या आणि काठी उचलून पाहिली. मोज्याला टोकाशी भोक! "सापडलं!"

"अहो, आईला बोलताय तुम्ही!" बायको कडाडली.

"मी पुराव्यानं बोलतोय!"

सासूबाई आत गेल्या आणि पिशवी भरून बाहेर आल्या. "धाकट्या लेकाकडे जाते बाई. तिथे साधी फरशी आहे. पाय टेकायला भीती नाही."

"आई गेली तर मीही चालले! मग बसा या जमिनीला कवटाळून!"

सासूबाईंवर तसा साहेबांचा फार जीव होता हो! पण सवय जाते कुठे? "अहो, निदान ओरखडे बघा तरी!" म्हणत ते पुन्हा पालथे पडले आणि दाखवायला म्हणून पुढे सरपटले.

कर्र!

सासूबाईंचे गुडघे गेले होते, कान नव्हे. "जावईबापू, जरा आणखी पुढे सरका बरं."

कर्र!

"आता मागे."

कर्रर्र!

"उठा."

साहेब उठले. पोट टेकलं होतं नेमक्या त्याच जागी ताजा, लांबलचक ओरखडा! बायकोची नजर ओरखड्यावरून निघाली, साहेबांच्या पोटापर्यंत चढली आणि पितळी बक्कलवर येऊन थांबली.

"काय साहेब? नुकसान कुणाच्या चुकीनं झालं म्हणायचं?" तिनं विचारलं.

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. "चुकलो, आई. ती पिशवी आत ठेवा. तुम्ही गेलात तर मला या घरात करमायचं नाही."

सासूबाईंनी डोळे पुसले. "ठेवते. पण नियम म्हणजे नियम हं!"

तेव्हापासून सर्व्हेअरसाहेब स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून, मान वाकडी करकरून टीव्ही बघतात. पट्ट्याच्या बक्कलला बायकोनं विणलेला लालभडक मोजा असतो. आणि सोफ्यावर ऐसपैस बसलेल्या सासूबाई, मालिकेत जाहिरात लागली रे लागली की, अगदी मायेनं विचारतात, "जावईबापू, तिथे साधी फरशीच आहे ना? मग लोळा की मनसोक्त!"