पगारेकाकांचा पिवळा चौकोन

आमच्या सोसायटीच्या गेटमधून पगारेकाकांची स्कूटर वॉचमनने हिरवा रुमाल दाखवल्याशिवाय बाहेर पडत नाही. रुमाल काकांनीच त्याला आणून दिलाय. तो जेवायला गेला असेल, तर काका हेल्मेट घालून उन्हात थांबतात. एकदा मीच हाताने ‘जा’ म्हटलं, तर म्हणाले, “तुम्हाला ऑथॉरिटी नाय.”

काका मनमाडला रेल्वेत गार्ड होते. उभी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने काढली. काकू गेल्यापासून घरातही एकटेच. पण गॅस बंद केला की गार्डच्या सवयीने मोठ्याने ‘ऑल राइट’ म्हणतात. भिंत पातळ असल्याने काकांची आमटी झाली, हे आमच्याकडेही कळतं. नोकरीत एक डाग नाही, हे त्यांनी नव्या दूधवाल्यालाही सांगून झालंय.

अशा माणसाला चलान आलं. त्र्यंबक रोडच्या सिग्नलला रस्त्यावर पिवळ्या पट्ट्यांचा चौकोन आखलाय. त्यात गाडी थांबवायची नाही. काका नेमके त्यात थांबल्याचा फोटो मोबाइलवर आला. त्या दिवशी भिंतीपलीकडून ‘ऑल राइट’ आलं नाही. दुसऱ्या सकाळी इस्त्रीचा सफारी चढवून काका माझ्या दारात. वाहतूक शाखेत तक्रार करायची होती आणि साक्षीला मी हवा होतो. मी तर तिथे नव्हतोच, असं सांगून पाहिलं. साक्ष चारित्र्याची आहे, असं उत्तर मिळालं.

तिथले साहेब तरुण आणि सभ्य होते. त्यांनी फोटो मोठा केला. काकांच्या पुढे एक स्कूटी बंद पडली होती. चालवणाऱ्या बाईच्या मागे गणवेशातली मुलगी. काकांनी आपली स्कूटर त्यांच्यामागे आडवी घातली होती आणि हात वर करून ते मागच्या गाड्या थोपवत होते. हे त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. का, तर म्हणे गाडी मधेच फेल झाली की गार्डने मागची बाजू सांभाळायची, हा नियमच आहे, त्यात सांगायचं काय.

साहेब हसले. “काका, तुमचं चलान रद्द. चौकोन त्या बाईंनी अडवला. नंबर दिसतोय, त्यांच्या नावावर काढतो.”

काका फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, “राहू द्या साहेब. आत शिरलो तो मीच. माझ्यावरच ठेवा.”

साहेबांनी परोपरीने समजावलं. काकांनी दंड भरून टाकला.

बाहेर आल्यावर मी जाम वैतागलो. आयुष्यभर जपलेल्या नावाला स्वतःच्या हाताने डाग लावून घेतला आणि त्या बाईला त्याचा पत्ताही नाही.

“घाबरली होती हो,” काका म्हणाले. “मागून सगळे हॉर्न मारत होते. मी म्हटलं, सावकाश कर, मी हाय मागं. तर ‘हो बाबा’ म्हणाली.”

काका-काकूंना मूलबाळ झालं नाही. सगळ्या सोसायटीचे ते काकाच. माझा राग कुठच्या कुठे गेला.

“आता तिच्या नावावर चलान,” हेल्मेटचा पट्टा लावत ते म्हणाले, “मी कसं जाऊ देणार?”